वरचे दोनच बोर्ड हिरवे होते

नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये माझा शिवणक्लास चालतो. ४८० फूट जागा. तिथे फॉल्स सीलिंग करून १४ स्पॉटलाइट बसवायचे होते. दोघा ठेकेदारांनी फुटाला ११५ रुपये सांगितले, तिसरा हा पठ्ठ्या ८८ वर आला. घासाघीस मीच केली आणि आठवडाभर शेजारणींना मिरवून सांगितली. आता आठवलं की कान गरम होतात.

आपल्याकडची काळी माती, पावसाळ्यात बेसमेंटच्या भिंतींना ओल येतेच. म्हणून ओल सोसणारा हिरवा जिप्सम बोर्डच लावायचा, असं मी बजावलं होतं. टेम्पो आला. वरचे दोन बोर्ड हिरवे, खालची सगळी थप्पी साधी. मी विचारलं तर म्हणतो, "ताई, हिरवा फक्त भिंतीच्या कडेनं लावतात. मधात काय गरज? टेन्शन नका घेऊ ना जी."

इथेच टेम्पो परत पाठवायचा होता. मी काय केलं? कारागिरांना चहा केला! पण ३०,००० आधीच देऊन बसले होते, २०,००० ऑनलाइन आणि १०,००० रोख. काम अडवलं तर तेही बुडतील, ही धास्ती. माझ्या जागी कोणीही गप्पच बसलं असतं.

लाइटसाठी भोकं पाडली, तेव्हा खाली पडलेली एक गोल चकती मी चहाच्या कपाखाली ठेवली. संध्याकाळी उचलली तर कागद सुटलेला, बोटांना चुरा. तरी त्याच संध्याकाळी लाइटचे ९,१०० रोख मोजून दिले, एकाचे ६५० प्रमाणे. "इतवारीतून घेऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच. फोन बंद. कार्डावरच्या पत्त्यावर पानठेला. लाइट स्वतः विकत आणा हो, कारागिराकडून फक्त बसवून घ्या.

जुलैची झड लागली आणि मधला भाग पोटासारखा खाली आला. दुसऱ्या मिस्त्रीनं एक बोर्ड उतरवून दाखवला. बोर्ड ज्यांना स्क्रूनं बसतो ते पत्र्याचे चॅनेल दीड-दीड फुटावर हवेत, ते तीन-तीन फुटांवर. स्लॅबला अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट, नाहीत, लाकडी गुल्ल्यांत ठोकलेले खिळे. वायर पाइपविना नुसती पसरलेली. याखाली माझ्या १६ मुली शिवत बसायच्या! फ्रेम उघडी असते तेव्हाच टेप लावून मोजा, फोटो काढा. एकदा बोर्ड चढला की सगळं झाकतं.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा दोन तास बाकावर बसवून, "अर्धं काम तर केलं ना त्यानं, मग फसवणूक कशी? दिवाणी मॅटर आहे." फसवणुकीचं कलम ४२० चं आता ३१८ झालं एवढं मला सुनावलं, पण कलम लावायला कोणी तयार नाही. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच मागितली तर, "३९,१०० च ना ताई? इथे लाखांच्या केसेस पडल्यात." म्हणजे मी आणखी थोडं बुडवून घेऊन यायचं होतं का? चकती पर्समधून काढून टेबलावर ठेवली, तर हवालदारानं त्यावर पेपरवेट ठेवला.

अर्ज दोन प्रतींत न्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका.

जुनं उतरवायला ४,५०० लागले. नवीन ११५ नंच होतंय, ५५,२००. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. ५ लाखांपर्यंत तिथे फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. पण बिल मी घेतलंच नव्हतं, "जीएसटी वाचेल" म्हणाला होता. हातात पुरावा फक्त ऑनलाइनच्या २०,००० चा. उरलेले १९,१०० मी कुणाला दिले, हे सांगायला तो पानठेलेवाला तर येणार नाही.