होकुसाईची लाट घ्यावी का हिरोशिगेचा पाऊस?

भिंतीवर एकच जपानी प्रिंट, म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेलं चित्र, लावायचं असेल तर कुठलं, हे मी दोन वर्षं मनात घोळवलंय म्हणून लिहितोय.

कानागावाची लाट, जपानी चित्रकार होकुसाईची, साधारण १८३१ ची, तो तेव्हा सत्तरीचा. ताकदीत हीच भारी, वादच नाही. फेसाची टोकं नखांसारखी वळलेली, खाली तीन होड्या, आणि मागे फुजी पर्वत एवढासा की पटकन बघितलं तर तोही एक लाटच वाटतो. म्हणून मी आधी हीच आणली आणि कामाच्या टेबलासमोर लावली.

पण हळूहळू एक गोष्ट खुपायला लागली, ती लाट कोसळतच नाही. सकाळी चहा घेऊन बसलं की ती तशीच वर, होडीतले लोक तसेच वाकून वल्ह्यांना चिकटलेले, संध्याकाळी उठताना पण तेच. पाच मिनिटं बघायला जबरदस्त, दिवसभर समोर असली की जीव टांगणीला लागतो. काही महिन्यांनी ती पॅसेजमध्ये गेली, येताजाता दिसते तेवढी मस्त वाटते. कुणाला हाच ताण आवडतही असेल.

टेबलासमोर आता हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचा ओहाशी पुलावरचा पाऊस आहे, १८५७ चा. रंग मवाळ आहेत, अंधाऱ्या खोलीत जरा दबतात हे खरं. पण पावसाच्या रेघा बघा, त्या दोन ठशांवर किंचित वेगळ्या कोनात कोरल्यात, त्यामुळे सर खरंच वाऱ्याने हललेली वाटते. पुलावरची माणसं छत्रीखाली पळतायत, एकाने डोक्यावर चटई घेतलीये, आणि नदीत एकटा माणूस ओंडक्यांचा तराफा हाकतोय, त्याला कुठे आडोसाच नाही. माझी नजर शेवटी त्याच्यावरच जाऊन थांबते. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हेच चित्र तेलरंगात उतरवलं होतं.

घेताना पोस्टर नको, हाताने छापलेली प्रत बघा, आणि वरचा काळा ढग आधी बघा. तिथे ओल्या ठशावर रंग हाताने विरवत नेतात, बोकाशी म्हणतात त्याला, म्हणून प्रत्येक प्रतीत ढग थोडा वेगळा उतरतो, पोस्टरमध्ये तो नुसता काळा पट्टा होतो. माझ्यासमोर दोन प्रती ठेवल्या होत्या, एकीत ढगाची कड सरळ, दुसरीत डावीकडे जरा जास्त खाली ओघळलेली, मी ओघळलेली घेतली.