कॅम्पस प्रिंट शॉप: छपाई चोख, तपासणी बेताची

कॅम्पसमधल्या प्रिंट शॉपला सरसकट एकच रेटिंग देता येत नाही. छपाई, कटिंग, बाइंडिंग यांत तक्रारीला फारशी जागा नसते; मशीन दिवसभर चालू असतात आणि चालवणाऱ्यांचा हात बसलेला असतो. घोळ होतो तो त्याच्या आधी, फाइलमध्ये. ‘आम्ही फाइल चेक करतो’ असं काउंटरवर सांगतात ते खोटं नसतं, पण त्या चेकचा अर्थ इतकाच: फाइल उघडते का, पानं किती, आकार कोणता, पासवर्ड आहे का. अनुक्रमणिकेतले क्रमांक सरकलेत का, फोटो फुटतोय का, हे कुणी बघत नाही. गर्दीच्या आठवड्यात तर अपेक्षाही ठेवू नये.

वर्डची फाइल घेतात, पण देऊ नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच फॉन्ट नसला की ओळी वेगळ्या तुटतात, तक्ता पुढच्या पानावर उडी मारतो आणि अनुक्रमणिका खोटी ठरते. मराठी मजकुराचं तर विचारूच नका. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवतात, त्यामुळे फॉन्ट नसेल तिथे सरळ इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये निदान मजकूर वाचता येतो, पण बदली फॉन्टची रुंदी वेगळी असते. डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ (देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारी सेटिंग) चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. हे पीडीएफ बनवण्याआधीच दिसतं, त्यामुळे शॉपवर ढकलता येत नाही.

पीडीएफ बनवताना वर्डमध्ये ‘मिनिमम साइज’ नको, ‘स्टँडर्ड’ घ्या. नंतर ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबून फॉन्ट्सचा टॅब उघडा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असायला हवं, म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच भरलेला आहे. एखादं नाव तसंच राहिलं, तर तेवढी अक्षरं शॉपच्या मशीनच्या मर्जीवर. काही फॉन्टचा परवाना एम्बेड करू देत नाही. अशा वेळी वर्ड त्या अक्षरांचं चित्र करून टाकू शकतो. स्क्रीनवर ते खपून जातं, कागदावर अक्षरांच्या कडा दातेरी येतात. असा फॉन्ट बदलणं हाच उपाय.

पानाचा आकार हा दुसरा गुपचूप घोटाळा. डॉक्युमेंट ‘लेटर’वर राहिलं असेल तर ते २१६ × २७९ मिमी असतं, ए४ मात्र २१० × २९७. ऑपरेटर ‘फिट’ करून काढतो, मजकूर सुमारे ९७ टक्के होतो, वरखाली जास्तीची पांढरी पट्टी येते आणि नियमाप्रमाणे मोजून ठेवलेला समास चुकतो. फाइलच ए४ करून द्या आणि सूचनेत ‘ॲक्च्युअल साइज’ असं स्पष्ट लिहा. पाठपोट छपाई असेल तर डाव्या-उजव्या पानांचे समास आरशातल्यासारखे उलटे हवेत, नाहीतर निम्म्या पानांवर बाइंडिंग ओळींची टोकं गिळतं.

रंगीत पानांच्या हिशेबावरून काउंटरवर सगळ्यात जास्त वाद होतात. पानावर एक निळी लिंक असली तरी मशीनच्या लेखी ते रंगीत पान. प्रबंधातलं सहीचं पान रंगीत मोडमध्ये स्कॅन केलं असेल तर कागदाची पिवळट झाक रंग म्हणूनच मोजली जाते. लिंक काळ्या करा, स्कॅन ग्रेस्केलमध्ये घ्या. आणि रंगीत पानांची यादी देताना पीडीएफमधला क्रमांक द्या, पानावर छापलेला नव्हे. सुरुवातीची प्रमाणपत्रं आणि अनुक्रमणिका धरून छापील १ हे पान पीडीएफमध्ये १३वं असू शकतं. मग ऑपरेटर सांगितल्याबरहुकूम १२ पानं आधीचं पान रंगीत काढतो आणि आलेख काळापांढरा येतो. यात त्याची चूक नाही.

पोस्टर ही या शॉपची जमेची बाजू. ए० म्हणजे ८४.१ × ११८.९ सेंमी; त्याची लहान बाजू ३६ इंची रोलवर आरामात बसते. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचा आकार आधी ठरवा, मजकूर नंतर टाका. उलट केलं की सगळं ताणलं जातं. स्लाइडची कमाल मर्यादा ५६ इंच आहे, म्हणजे ए० पूर्ण मापात बनतो. त्याहून लांब बॅनर असेल तर निम्म्या मापात बनवून ‘२०० टक्के’ असं लिहून द्या. ऑप्शन्समधल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर टिक करा, पण फोटो टाकण्याआधी. एकदा दाबलेला फोटो परत फुगत नाही.

रेझोल्यूशनचं गणित सोपं आहे. हातात धरून वाचायच्या पानासाठी ३०० डीपीआय (एका इंचात तितके ठिपके), म्हणजे पूर्ण ए४ चित्राला २४८० × ३५०८ पिक्सेल. दोन पावलांवरून बघायच्या पोस्टरला १५० पुरतात. १९२० × १०८० चा स्क्रीनशॉट ३०० डीपीआयला जेमतेम १६ सेंमी रुंद भरतो. तोच पोस्टरवर ६० सेंमी ताणला की ८० डीपीआयच्या आसपास उरतात आणि आलेखावरचे आकडे धूसर होतात. आलेख शक्यतो व्हेक्टर स्वरूपातच घ्या, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांचा, कितीही मोठा केला तरी न फुटणारा. स्क्रीनवरचे झगझगीत निळे-हिरवे कागदावर मंद पडणार हे धरून चाला. गडद पार्श्वभूमीचा मोहही टाळा. साध्या कागदावर एवढी शाई पडली की कागद लाटा धरतो.

पुस्तिकेच्या बाबतीत लोक गरजेपेक्षा जास्त मदत करायला जातात. एका पानावर दोन पानं जुळवून आणू नका. १, २, ३ अशी सुटी पानं ओळीने द्या, जुळवणी शॉपचं सॉफ्टवेअर करतं. मधोमध पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत हवीत. कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा रंग, ठेवा: ए५ साठी १४८ × २१० ऐवजी १५४ × २१६ मिमी. महत्त्वाचा मजकूर कापायच्या रेषेपासून निदान ५ मिमी आत ठेवा. काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत हवीत. चार रंग मिसळून केलेला काळा किंचित सरकला तरी बारीक अक्षरांना रंगीत कडा दिसते. चिकटवलेल्या बाइंडिंगच्या कण्याची जाडी विचारून घ्या. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) एक कागद साधारण ०.१ मिमी, म्हणून २०० पानं, म्हणजे १०० कागद, साधारण १० मिमी. नेमका आकडा त्यांच्या कागदावर अवलंबून असतो.

फाइल पोचवायला वेब अपलोड सर्वांत बरं, कारण फाइल, सूचना आणि ऑर्डर क्रमांक एकत्र राहतात. मात्र सुधारित फाइल पाठवली म्हणजे जुनी आपोआप रद्द होते असं समजू नका. आधीची ऑर्डर रद्द करून नवी टाका. जीमेलवर २५ एमबीच्या पुढे ड्राइव्हची लिंक जाते आणि परवानगी दिली नसेल तर शॉपला फाइलऐवजी परवानगी मागायची खिडकी दिसते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं, तिथे ‘डॉक्युमेंट’च निवडा. पेन ड्राइव्ह हा शेवटचा पर्याय: व्हायरसची देवाणघेवाण होते, आणि फाइल शॉपच्या डेस्कटॉपवर कॉपी होऊन तिथेच राहते. ओळखपत्रं, गुणपत्रिका असतील तर समोर उभं राहून डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधूनही. फाइलचं नाव ‘फायनल २’ नको. आडनाव, आकार, पाठपोट, प्रती एवढं नावातच असू द्या.

अपलोडनंतर दिसणाऱ्या प्रीव्ह्यूवर भिस्त ठेवू नये. तो वेबसाइटचं सॉफ्टवेअर दाखवतं. मशीनचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि पारदर्शक सावल्यांमागचा पांढरा चौकोन नेमका तिथेच उमटतो. म्हणून दोनपेक्षा जास्त प्रती असतील तर एक प्रत आधी मागा आणि तीत एक रंगीत पान, एक आडवं पान, एक सूत्रांचं पान आणि शेवटचं पान बघा. पट्टे, डाग, तिरका कट आला तर सहसा कुरबुर न करता पुन्हा छापून देतात. फाइलमधली चूक मात्र तुमच्या खात्यावर, आणि हे रास्तच आहे. हार्ड बाइंडिंग असेल तर नमुना प्रत निदान एक दिवस आधी काढा. गोंद वाळायला लागणारा वेळ कुणालाच कमी करता येत नाही.