इमॅजिका की रामोजी: पिशव्या कोण सांभाळणार, त्यावर ठरवा

सोलापूरकरांची एक गंमत आहे. पश्चिमेला निघालं की पुणे ओलांडून खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क, पूर्वेला निघालं की हैदराबाद ओलांडून रामोजी फिल्म सिटी. दोन्हीकडे अंतर साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर. म्हणजे डिझेलच्या हिशेबावर निर्णय होत नाही, आणि दर सुट्टीत घरात तोच वाद पुन्हा रंगतो. आमची पिढी यातून सुटली होती. तेव्हा मोठी सहल म्हणजे लाँचमधून गोराईला जाऊन एस्सेलवर्ल्ड, बाकी पर्याय नव्हताच. आता ते बंद झालंय आणि पोरांकडे मोबाइलवर सगळ्या राइडचे व्हिडिओ आहेत.

दोन्ही ठिकाणं आम्ही पाहिलीत. आठ माणसं: आई-बाबा, आम्ही दोघं, बहीण आणि तिची दोन मुलं, आमचा एक. माझं मत असं की या दोन ठिकाणांची तुलना राइडच्या संख्येवर करूच नये. दिवसभर बाकावर बसून पिशव्या सांभाळणारं माणूस कोण असणार, ते आधी बघावं.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. ते राइडचं ठिकाण आहे, साफ गोष्ट. दहा ते अठरा वयाची मुलं घरात असतील तर त्यांना दुसरं काही सुचवूही नका. नायट्रो नावाचा रोलरकोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे, पायाखाली फळी नाही, पाय हवेत लोंबकळतात. खाली उभं राहून बघतानाच माझ्या पोटात गोळा आला. पण मधल्या वयाच्या आणि थोड्या भित्र्या लोकांसाठीही बरंच आहे. ‘आय फॉर इंडिया’मध्ये खुर्चीत बसून पडद्यावर अख्ख्या देशावरून उडता येतं, ते बाबांनाही आवडलं. राजासॉरस राइडची होडी शेवटी धाडकन पाण्यात उतरते, तेव्हा पुढच्या रांगेतल्यांनी मोबाइल खिशात ठेवू नये. हा राजासॉरस नावाचा डायनासोर खराच होता बरं का. त्याचे जीवाश्म गुजरातेत सापडले. धाकट्या भाच्याला ही माहिती राइडपेक्षा जास्त भावली. सलीमगढ भुताचं आहे. सहा-सात वर्षांच्या पोराला नेलंत तर रात्री त्याच्याजवळ तुम्हालाच झोपावं लागेल.

उंचीची अट मात्र घरूनच तपासून निघा. आम्ही तपासली नाही, ही चूक आमचीच. आमच्या चिरंजीवांनी महिनाभर नायट्रोचा जप केला आणि रांगेच्या तोंडाशी पट्टीला उभे राहिले तर डोकं खुणेच्या खाली. रडला नाही, पण पुढचा तासभर बोललाही नाही. अधिकृत वेबसाइटवर राइडप्रमाणे अट बघा, घरातल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करा आणि मगच स्वप्नं दाखवा.

आणखी एक: इमॅजिकाचं वॉटर पार्क आणि स्नो पार्क शेजारीच असली तरी तिकिटं वेगळी. थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात उरकायचा हट्ट धरू नका, दोन्ही अर्धवट राहतात. रांग टाळायचं एक्स्प्रेस तिकीट मधल्या वारी घ्यायची गरज सहसा पडत नाही. शनिवार-रविवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर तो खर्च आधीच धरा.

रामोजी हे मुळात चित्रपटांचं काम चालणारं ठिकाण, १९९६ सालचं, आणि पसारा इतका की पायी बघायचा विचारच करता येत नाही. लाल बसमध्ये बसायचं, गाइड बोलतो, तुम्ही माना वळवायच्या. खोटं रेल्वे स्टेशन, खोटा विमानतळ, परदेशातली खोटी गल्ली, बाहुबलीचा सेट. एकाच इमारतीचं पुढून एक आणि मागून दुसरंच तोंड बघून आई म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं आपण फसत होतो तर!” दिवसभर ती त्याच आनंदात होती. बागा, पक्षी, फुलपाखरं, स्टंटचा खेळ, लहान मुलांसाठी फंडुस्तान. पाच वर्षांचं पोर आणि सत्तरीचे आजोबा इथे एकाच वेळी खूश असतात. पंधरा वर्षांची भाची मात्र दुपारी तीनला “आता अजून काय?” म्हणून मोबाइल काढून बसली. तिचंही बरोबर होतं, थरारक राइड तिला हव्या तशा नव्हत्याच.

जाण्यायेण्याचं बघायचं तर रामोजीचा रस्ता सरळ आहे. हैदराबादच्या गर्दीत न शिरता आउटर रिंग रोडनं पलीकडे निघता येतं. वाटेत नळदुर्गचा किल्ला आहे, पावसाळा असेल तर नक्की थांबा. पण मुक्काम करावाच लागतो, आतली हॉटेलं स्वस्त नाहीत. खोपोलीला जाताना पुण्यात कुणीतरी नातेवाईक असतोच, रात्र तिथे निघते. (मग त्यांची दोन मुलंही सहलीत येतात, हे गृहीत धरा.) ऋतू म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये हैदराबादेत उघड्या बसमधून फिरणं म्हणजे भट्टी, आणि खोपोलीला जुलैत पाऊस इतका की उघड्यावरच्या राइड थांबू शकतात. दोन्हीकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी पार्किंगमध्येच संपवून आत शिरा.

आता त्या पिशव्यांचं. खोपोली भागात एक सोय आहे जी फार जणांच्या लक्षात येत नाही. अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक खोपोलीजवळच, आणि इमॅजिका ज्या खोपोली-पाली रस्त्यावर आहे त्यानंच पुढे गेलं की बल्लाळेश्वर. मुलांना एका मोठ्या माणसाबरोबर आत सोडायचं आणि उरलेल्यांनी गाडी घेऊन दोन गणपती करून संध्याकाळी परत यायचं. आजी-आजोबांचं तिकीटही वाचतं आणि दिवसभर बाकावर ताटकळणंही.

ज्या घरात सगळ्यांनी एकत्रच फिरायचं असा दंडक आहे, किंवा सगळी मुलं आठ वर्षांच्या आतली आहेत, त्यांनी डोळे झाकून रामोजी करावं. घरात दोन तरी दहावी-अकरावीतली पोरं असतील तर रामोजीला त्यांची तोंडं बघत बसाल.

आमचं यंदा पुन्हा इमॅजिका ठरलंय, डिसेंबरातला मधला वार, संकष्टी टाळून, कारण त्या दिवशी पालीला रांग लागते. आई-बाबांचं बल्लाळेश्वराचं पक्कं आहे. चिरंजीवांनी काल परत चौकटीला पाठ लावून खूण करून घेतली. अजून दोन बोटं कमी आहेत.