हनुवटीचे केस आणि लेसर: यवतमाळच्या क्लिनिकचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. हनुवटीवरचे जाड काळे केस बरेच कमी झाले, साफ गेले नाहीत. ‘साफ जातील’ असं मला तिथे कोणी म्हटलंही नव्हतं, आणि माझ्या लेखी या क्लिनिकची सगळ्यात मोठी जमेची बाजू तीच. नाव लिहीत नाही, कारण खाली एक तक्रारही आहे.

मी नेर तालुक्यातल्या एका खेड्यात शिवणकाम करते. ब्लाऊजचं माप घेताना समोरच्या बाईचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर लांब असतं, तिची नजर कुठे अडकली ते बरोबर कळतं. दोऱ्याने आणि चिमट्याने ओढून ओढून हनुवटी खरबरीत झाली होती, वर काळे ठिपके.

पहिल्या भेटीत डॉक्टर मॅडमनी मशीन दाखवलीच नाही. पाळी वेळेवर येते का, वजन वाढलं का, आईला-मावशीला असे केस आहेत का, एवढंच विचारत बसल्या. मग हार्मोनच्या तपासण्या, थायरॉईड, सोनोग्राफी. पीसीओएस निघालं, म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोनचा बिघाड. “लेसर आहेत ते केस जाळंल, नवीन उगवणं आतून सुरू हाय त्याची गोळी वेगळी,” असं त्यांनी माझ्याच बोलीत समजावलं. आता दोन्ही सोबत चालू आहे.

लेसरचा उजेड केसाच्या काळ्या रंगात शोषला जातो आणि त्याची उष्णता मुळाला पोचते. म्हणून पांढऱ्या केसाला तो काही करत नाही. माझे दोन-चार पांढरे जसेच्या तसे आहेत. पण तोच काळा रंग आपल्या सावळ्या कातडीतही असतो, आणि खरी भानगड तिथे आहे. मॅडमकडे एनडी-याग मशीन आहे, 1064 नॅनोमीटरची. हा उजेड खोल जातो आणि वरच्या कातडीत कमी अडकतो, म्हणून सावळ्या रंगाला त्यातल्या त्यात बरा. तरी आधी कानाखाली थोड्या जागेवर मारून पाहिलं आणि काही दिवस थांबवलं. काही बायकांच्या गालावर लेसरने उलट जास्त केस येतात, हेही त्यांनी आपण होऊन सांगितलं.

दुखतं. तापल्या सुईचं टोक टेकवून लगेच उचलावं तसं, आणि वर जळक्या केसांचा वास. ओठाच्या वर डोळ्यांत पाणी येतं. डोळ्यांवर जाड चष्मा चढवतात, नंतर थंड पॅक ठेवतात. संध्याकाळपर्यंत लाली उतरते.

मधल्या दिवसांत दोरा, चिमटा, वॅक्स सगळं बंद, कारण केस मुळासकट उपटला तर लेसरने धरायचं काय? फक्त रेझर चालतो. बाईच्या हातात दाढीचा रेझर! सासूबाईंना दिसू नये म्हणून मी तो मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्यामागे ठेवते. रेझरने केस जाड होत नाहीत, ती नुसती समजूत आहे.

एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत गेले तर मॅडमनी चेहरा पाहूनच परत पाठवलं. उन्हाने रापलेल्या कातडीवर लेसर मारला तर चट्टे पडतात. “उलंगवाडी झाल्यावर या,” म्हणाल्या, म्हणजे कापसाची वेचणी संपल्यावर. एक रुपया घेतला नाही. एसटीचं भाडं गेलं ते गेलं.

आता बसायची खोली. वेळ दिलेली असते, पण तिला काही अर्थ नाही. भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून बुडालेल्या टायटॅनिक जहाजाची माहिती फिरत असते, खाली हिंदी अक्षरं. इतका वेळ बसावं लागतं की मला ती पाठ झाली. 14 एप्रिल 1912, रात्री 11.40 ला हिमनग घासला, 2.20 ला जहाज पाण्याखाली. शेजारी नातीला घेऊन आलेल्या आजींना वाचता येत नव्हतं, म्हणून मी सांगत होते. माणसं 2200 च्या घरात, होड्या 20, त्यांत जागा 1178 जणांना.

“काऊन वो बाई? एवढं मोठ्ठं जहाज, न् होड्या इतक्याच? नियम नव्हता काय?”

“होता न, आजी. 10 हजार टनांच्या वरच्या जहाजाले 16 होड्या पुरे, असा होता. हे 46 हजार टनांचं. नियमापेक्षा चार जास्तच ठेवल्या होत्या.”

“म्हंजे जहाज मोजलं न् माणसं नाही मोजली?” आजी म्हणाल्या. पहिली होडी 65 जणांची, तिच्यात निम्मीही माणसं नव्हती, हे सांगितलं तेव्हा त्यांनी “बाप्पा!” म्हणून कपाळाला हात लावला.

आजींच्या ‘माणसं नाही मोजली’वरून मला माझी जाऊ आठवली. तालुक्याच्या एका पार्लरात तिने ‘कायमचे जातील’वालं पॅकेज घेतलं होतं, पैसे आगाऊ. तिथेही प्रमाणपत्रं काचेत लावलेली. तिच्या कातडीचा रंग मात्र कोणी पाहिला नाही, गोळ्या-औषधं कोणी विचारली नाहीत. गालावरचे चट्टे अजून आहेत.

तक्रार अशी की काउंटरवरची पोरगी भर खोलीत ओरडते, “हनुवटीचे केस कोणाचे आहेत?” समोर चार माणसं बसलेली असतात. नाव घेऊन बोलवायला काय जातं? मॅडमना सांगून झालं, फरक नाही.

वरचा ओठ आणि हनुवटी मिळून एका वेळचे अडीच हजार. महिना-दीड महिन्याने जावं लागतं, पुढेही मधूनमधून लागेल असं सांगितलंय. पॅकेजचा आग्रह नाही, पावती न मागता मिळते. जाताना चेहरा कोरा ठेवा. पावडर-क्रीम असेल तर धुवायला लावतात, आणि उन्हाळ्यात त्यांच्या बेसिनला पाणी नसतं.