आल्पिन ए११०: वर्षाहून जास्त वापरल्यानंतर

“एवढे पैसे मोजलेस आणि सिलिंडर चारच?” फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरातल्या आमच्या मराठी मंडळींपैकी जवळजवळ प्रत्येकाने हे मला विचारून झालंय. प्रश्न रास्त आहे. या किमतीत सहा सिलिंडरची, दुप्पट ताकदीची दणकट जर्मन गाडी सेकंडहँड मिळते. वर्षाहून जास्त काळ ही छोटी फ्रेंच स्पोर्ट्स कार मी रोज ऑफिसला नेते, रविवारी घाटात नेते, सुट्टीत लांबच्या प्रवासाला नेते. या सगळ्यानंतर माझं मत असं झालंय की ही गाडी जी काही आहे ती तिच्या वजनामुळे आहे, आणि वजन कमी ठेवायचं तर इंजिन छोटंच हवं.

आल्पिन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून थोडं मागचं सांगते. नॉर्मंडीतल्या दिएप या बंदराच्या गावात जाँ रेदेले यांच्या वडिलांची रेनोची एजन्सी होती. रेदेले स्वतः रेनोची छोटी ४सीव्ही घेऊन शर्यतींत उतरायचे. आल्प्सच्या घाटांतल्या कूप दे आल्प या शर्यतीवरून त्यांनी १९५५ साली कंपनीला आल्पिन हे नाव दिलं. मूळ ए११० आली १९६२ मध्ये. फायबरग्लासची बॉडी, मधोमध पोलादी कणा, मागे रेनोचं इंजिन, तेही सुरुवातीला एक लिटरपेक्षा छोटं. सिलिंडर तेव्हाही चारच होते. त्या चिमुकल्या गाडीने १९७१ आणि १९७३ ची मोंटे कार्लो रॅली जिंकली, आणि १९७३ मध्ये पहिल्यांदाच झालेली जागतिक रॅली स्पर्धा कंपनीला मिळवून दिली. पुढे नाव मागे पडत गेलं आणि १९९५ मध्ये आल्पिनच्या गाड्या बनणं बंद झालं. २०१२ मध्ये रेनोने केटरहॅम या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीबरोबर भागीदारी करून पुनरुज्जीवनाची घोषणा केली. २०१४ मध्ये भागीदारी मोडली, तरी रेनोने काम सोडलं नाही. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाला नवी ए११० लोकांसमोर आली. पहिली खास आवृत्ती १९५५ गाड्यांची, स्थापनेच्या वर्षाइतकी. ही गाडीही बनली ती दिएपलाच.

माझी गाडी ‘प्युअर’, म्हणजे सुरुवातीच्या काळातली साधी आवृत्ती. तिचं कोरडं वजन १०८० किलो. पेट्रोल, तेल, पाणी भरलं की ११०० च्या आसपास. आजच्या काळात हा आकडा किती कमी आहे ते तुलना केल्याशिवाय कळत नाही. हिची थेट स्पर्धक पोर्शे ७१८ केमन, तिच्या साध्या आवृत्तीलाही सिलिंडर चारच, पण ती साडेतेराशे किलोच्या घरात जाते.

हे वजन कुठे कुठे वाचवलंय ते बघताना माझ्यातल्या इंजिनिअरला अजूनही भरून येतं. चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी जवळजवळ पूर्ण अॅल्युमिनियमची, चिकटवलेली आणि रिव्हेट मारलेली. एकसंध सीटचं वजन १३.१ किलो. हँडब्रेकसाठी वेगळा कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबणारा चिमटा) न लावता त्याची मोटर मागच्या मुख्य कॅलिपरमध्येच बसवली, तिथे अडीच किलो वाचले. अडीच किलोसाठी कुणीतरी मीटिंगा घेतल्या असतील, पुरवठादाराशी भांडण केलं असेल! आणि एकदा गाडी हलकी झाली की पुढची बचत आपोआप होत जाते. हलक्या गाडीला रुंद टायर लागत नाहीत, म्हणून पुढे २०५ चे आणि मागे २३५ चे पुरतात. टायर छोटे म्हणून चाकं हलकी, चाकं हलकी म्हणून स्प्रिंग मऊ चालतात.

मऊ स्प्रिंग हेच या गाडीचं मला सगळ्यात आवडलेलं अंग आहे. स्पोर्ट्स कार म्हणजे दगडासारखं कडक सस्पेन्शन आणि प्रत्येक खड्ड्यात पाठीला हिसका, अशी आपली समजूत असते. इथे तसं होत नाही. चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन हातांनी धरलेलं. वळणात बॉडी कलली तरी टायर रस्त्यावर बराचसा सपाट राहतो. टायर सपाट ठेवायची जबाबदारी या हातांनी घेतल्यावर बॉडी कलू नये म्हणून स्प्रिंग कडक करायची गरज उरत नाही. शिवाय सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की शेवटच्या टप्प्यात हायड्रॉलिक स्टॉप, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे रोधक, तो धक्का पिऊन टाकतात. खड्ड्यात ‘धप्प’ आवाज येतो, पण मणक्यापर्यंत काही पोचत नाही.

ग्रेनोबलहून शार्त्रूजच्या डोंगरात चढणारा डी५१२ हा माझा नेहमीचा रस्ता. ले साप्पे गाव मागे पडलं की कोल द पोर्त या खिंडीपर्यंत, म्हणजे १३२६ मीटरपर्यंत, झाडीतून वळणंच वळणं. थंडीच्या तडाख्याने डांबर जागोजागी उचललेलं, कडेला बारीक खडी. वळणाच्या आधी ब्रेक दाबला की नाक थोडं खाली जातं आणि पुढच्या टायरवर भार आलेला हाताला कळतो. स्टिअरिंग वळवलं की गाडी आधी किंचित कलते, मग बसते, आणि तिथून पुढे रस्ता धरून राहते. हे कलणं मला फार मोलाचं वाटतं, कारण टायरची पकड किती उरली आहे ते त्यातून समजत राहतं. कडक गाड्या शेवटच्या क्षणापर्यंत काहीच बोलत नाहीत. वळणाच्या मध्येच डांबराचा उंचवटा आला तर कडक गाडी बाजूला उडी मारते, ही तो गिळून पुढे जाते. आणि हे सगळं ताशी ६०–७० च्या वेगात. फ्रान्सने २०१८ मध्ये दुपदरी रस्त्यांची मर्यादा ९० वरून ८० वर आणली तेव्हा गाडीवेडे लोक हळहळले होते. मला त्या मर्यादेत राहून भरपूर आनंद मिळतो. पाचशे हॉर्सपॉवरच्या गाडीत त्या वेगाला नुसतं बसून राहावं लागतं.

आता इंजिन. सीटच्या मागे बसवलेलं, १.८ लिटर, टर्बो, २५२ हॉर्सपॉवर, ३२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद. याच कुळातलं इंजिन रेनोच्या मेगान आरएसमध्येही होतं. शून्य ते शंभर साडेचार सेकंदांत. कागदावर सहा सिलिंडरच्या कितीतरी गाड्या याच्या पुढे आहेत, आणि आवाजाच्या बाबतीत त्या प्रत्यक्षातही पुढे आहेत, हे मान्यच. सरळ सहा सिलिंडरचं इंजिन जे गातं तसं हे गात नाही. याचा आवाज खरखरीत, टर्बोची शीळ कानामागे स्पष्ट ऐकू येते आणि स्पोर्ट मोडमध्ये पाय उचलला की एक्झॉस्टमधून फटाके वाजतात. मला तो आवाज आता प्रिय झालाय. पण खरी मजा पिकअपची. दोन हजार आरपीएमच्या पुढे कुठूनही पाय दाबा, अकराशे किलो ओढायला ३२० न्यूटन-मीटर भरपूर होतात. मोठं इंजिन बसवलं असतं तर मागे वजन वाढलं असतं, मग ब्रेक मोठे, टायर रुंद, स्प्रिंग कडक, आणि वर वर्णन केलेली गाडी उरलीच नसती. सध्या वजनाची विभागणी पुढे ४४ टक्के, मागे ५६ टक्के अशी आहे आणि ती वळणात जाणवते.

गिअरबॉक्स सात गिअरचा, डबल क्लच, म्हणजे क्लच पेडल नसलेला ऑटोमॅटिक. मॅन्युअल या गाडीत मिळतच नाही आणि ही एक उणीव मला मनापासून सलते. हालत्या ट्रॅफिकमध्ये गिअरबॉक्स सौम्य आहे, घाटात स्टिअरिंगमागच्या पॅडलने झटपट बदलतो, तक्रारीला जागा नाही. तरी एवढ्या हलक्या, एवढ्या बोलक्या गाडीत डाव्या पायाला काम नसावं हे बरोबर वाटत नाही. दुसरी उणीव डिफरन्शियलची, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणाऱ्या भागाची. एका चाकाचं घसरणं रोखणारं ‘लिमिटेड स्लिप’ डिफरन्शियल नाही, ते काम ब्रेककडून करून घेतलंय. हेअरपिनमधून, म्हणजे यू आकाराच्या वळणातून, बाहेर पडताना घाईने पाय दाबला तर आतलं चाक किंचित घसरतं आणि ब्रेक त्याला आवरतो. थोडा दम धरला तर हे कधीच होत नाही.

रोजच्या वापराचं बोलायचं तर सीटपासून सुरुवात करावी लागेल. प्युअरची सीट म्हणजे एकसंध कवच, पाठ मागे झुकत नाही. पुढे-मागे सरकते, पण उंची पान्याने बोल्ट सोडून बदलावी लागते. माझी उंची बेताची, म्हणून वर्कशॉपमध्ये सांगून सीट वरच्या भोकात बसवून घेतली. तेव्हापासून बॉनेटच्या मधली उंच कड आणि दोन्ही बाजूंचे फुगवटे समोर दिसतात, त्यामुळे गाडी रस्त्यावर नेमकी ठेवता येते. नवरा उंच आहे, त्याचं डोकं छताला लागत नाही, पण मांड्यांना आधार कमी पडतो असं तो म्हणतो. आई पुण्याहून आली होती, तिचे गुडघे दुखतात. दाराचा उंबरा रुंद आणि सीट जमिनीलगत. तिला आधी उंबऱ्यावर बसवून मग पाय आत घ्यायला लावले. एकदा बसल्यावर मात्र “तुझ्या आधीच्या गाडीपेक्षा हीच बरी गं, दचके बसत नाहीत” म्हणाली. घरात ज्येष्ठ माणसं नेहमी असतील तर ही एकमेव गाडी म्हणून घेऊ नका.

सामानाला जागा फारच कमी. ग्लोव्ह बॉक्स नाही, दारात कप्पे नाहीत. पाकीट आणि फोन मधल्या तरंगत्या कन्सोलच्या खाली ठेवायचे, तिथे गाडी चालवताना हात पोचत नाही. पुढची डिकी १०० लिटर, पण उथळ, मागची ९६ लिटर आणि इंजिन-एक्झॉस्टच्या शेजारी असल्यामुळे गरम होणारी. दूध, भाजी, चॉकलेट मागे ठेवायचं नाही. कापडी बॅगा घेतल्या तर दोघांचं आठवड्याभराचं सामान बसतं. आम्ही नेपोलियनचा रस्ता धरून गाप, दिन्य, कास्तेलान करत ग्रासपर्यंत गेलो आणि पुढे कोल द तुरिनी या घाटातही जाऊन आलो. त्याच घाटात जुन्या ए११० ने मोंटे कार्लोच्या रात्री गाजवल्या, म्हणून तिथे जायचंच होतं.

स्क्रीन जुन्या पिढीची, संथ. सुरुवातीच्या गाड्यांत कारप्ले (आयफोन स्क्रीनला जोडायची सोय) नव्हतं, २०२२ च्या मॉडेलपासून आलं. मी फोन स्टँडला लावते. स्टिअरिंगमागचा ऑडिओचा दांडा आणि की-कार्ड साध्या रेनो गाड्यांमधलंच, ते मला खुपत नाही, कारण ते टिकाऊ आहे आणि त्याचे पार्ट सहज मिळतात. मागचं मात्र काही दिसत नाही. पार्किंगचे सेन्सर किंवा कॅमेरा नसलेली गाडी शहरात राहणाऱ्याने घेऊ नये.

खर्च. शांतपणे चालवली तर लिटरला १३ किलोमीटर मिळतात, घाटात नऊ-दहा. पेट्रोल ९८ ऑक्टेनचं. हलक्या गाडीचे टायर आणि ब्रेक पॅड हळू झिजतात, ही बचत कुणी हिशेबात धरत नाही. सर्व्हिस वर्षातून एकदा, दर साध्या रेनोपेक्षा जास्त. विम्याला त्रास झाला. एका कंपनीने कारण न देता नकार दिला, दुसरीने रात्री बंद गॅरेजमध्ये ठेवायची अट घातली. विकत घ्यायच्या आधी विम्याचा कोट हातात घ्या. डोंगराळ भागात १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर किंवा साखळ्या लागतात. साखळ्या ठेवायला जागा कुठली, म्हणून मी हिवाळी टायरचा वेगळा सेट घेतला. पातळ बर्फावर भार मागच्या चाकांवर असल्यामुळे चढण ती बिनतक्रार चढते, उतारावर मात्र फार बेताने.

केमन मी घेण्याआधी दोनदा चालवून पाहिली. बांधणी, स्क्रीन, डिकी, स्टिअरिंगचं वजन, सगळ्यात ती सरस. मॅन्युअलही मिळायचा. मोटारवेवर रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याने तीच घ्यावी. अरुंद, खराब, वळणदार रस्ते जवळ असतील तर आल्पिन.

कुठली आवृत्ती घ्यावी हे बरेच जण विचारतात. २०१९ मध्ये आलेली ‘एस’ २९२ हॉर्सपॉवरची, नंतर ३०० ची झाली. तिचे स्प्रिंग दीडपट आणि अँटीरोल बार (वळणात बॉडी कलणं रोखणारे दांडे) दुप्पट कडक, उंची चार मिलिमीटरने कमी. ट्रॅकवर जात असाल तर ती. सार्वजनिक रस्त्यासाठी साधी २५२ वालीच घ्या, कारण मऊपणा हेच हिचं वैशिष्ट्य आहे आणि ‘एस’मध्ये नेमका तोच कमी केलाय. पाठ झुकवायची असेल तर ‘लेजांद’ या आवृत्तीची सीट बघा. सेकंडहँड बघताना गाडी जॅकवर उचलून पोटाखालचं सपाट आवरण खरचटलंय का ते नीट तपासा, पुढच्या अॅल्युमिनियमच्या पॅनेलवर दुरुस्तीच्या खुणा आहेत का ते पाहा, कारण अॅल्युमिनियम ठोकून सरळ करणारे कारागीर मोजके आणि महाग. कंपनीने २०२६ मध्ये हिचं उत्पादन थांबवायचं ठरवलंय आणि पुढची ए११० विजेवरची असणार. त्यामुळे पेट्रोलवाली हवी असेल तर चांगली, पूर्ण सर्व्हिस बुक असलेली गाडी दिसताच जाऊन चालवून या.