सीट हीटरचा बिघाड आणि डीसी क्लॅम्प मीटर: पूर्ण हिवाळाभर वापरल्यावर

नोव्हेंबरात घेतलेल्या मीटरबद्दल आता हिवाळा सरल्यावर लिहितोय. आम्ही कॅनडात मिसिसॉगाला राहतो. इथे जानेवारीत सकाळी गाडीचा हीटर गरम हवा टाकेपर्यंत सगळी भिस्त सीट हीटरवर असते, आणि आमच्या जुन्या सेडानची ड्रायव्हर सीट जेमतेम कोमट व्हायची.

स्विचचा दिवा लागत होता, फ्यूज शाबूत होता. सीटखालचं कनेक्टर सोडवून साधं मल्टिमीटर लावलं की पूर्ण 12 व्होल्ट. त्यावरून एका गॅरेजने ‘करंट येतोय, पॅड गेलंय’ असं सांगून पूर्ण हीटिंग पॅड बदलायचा खर्च काढला. हे निदान मला पटेना. मल्टिमीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही ते पूर्ण व्होल्टेज दाखवतं. खरी परीक्षा सीट चालू असतानाच होते.

क्लॅम्प मीटरचा फायदा इथे आहे. वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावायचा, स्विच ‘हाय’वर ठेवायचा आणि अँपिअर वाचायचे. ‘लो’वर बऱ्याच गाड्यांत पुरवठा चालू-बंद होत राहतो, आकडा फसवतो. आमच्या पॅडचा रोध 3 ओहम भरला, म्हणजे 12 व्होल्टला 4 अँपिअर हवेत. दिसले 3. मग कनेक्टर जोडलेलंच ठेवून मागच्या बाजूने बारीक सुई घातली आणि अर्थची वायर (करंट गाडीच्या लोखंडी सांगाड्यात परत नेणारी) ते गाडीचं कोरं लोखंड एवढंच व्होल्टेज मोजलं. तिथे 0.2 व्होल्टच्या आत असायला हवं, निघाले 3. कार्पेटखालचा अर्थचा बोल्ट बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या, बुटांवरून येणाऱ्या मिठाच्या पाण्याने पार गंजला होता. त्या जोडाचा 1 ओहम वाढला की सीटला 48 ऐवजी 27 वॉटच मिळतात, आणि 9 वॉट त्या बोल्टपाशी जळतात. ही नुसती गैरसोय नाही. तिथलं प्लास्टिक तपकिरी पडायला लागलं होतं. बोल्ट घासून, वायरच्या टोकाला नवीन लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावून घट्ट केला. पॅड तेच आहे आणि सीट पूर्वीसारखी तापते.

सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र हात लावू नका, ते एअरबॅगचं असतं. सीट काढायचीच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढा वेळ थांबा. नव्या गाड्यांतली सीट हीटर चालवणारी अनेक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलं पॅड जोडलेलं दिसलं नाही की पुरवठाच तोडतात. तिथे कनेक्टर सोडून मोजण्यात अर्थ नाही.

मीटरबद्दल माझ्या तक्रारीही आहेत. प्रत्येक वेळी झीरोचं बटण दाबावं लागतं, नाहीतर रिकाम्या जबड्यालाही थोडे अँपिअर दिसतात. कडाक्याच्या थंडीत स्क्रीनवरचे आकडे रेंगाळत बदलतात. सोबतच्या पीव्हीसीच्या लीड्स ताठ होऊन सीटखाली वळत नव्हत्या, म्हणून सिलिकॉनच्या घेतल्या. तो खर्च मीटरच्या किमतीत धरूनच चाला.

घेताना एक नक्की बघा: बरेच स्वस्त क्लॅम्प जबड्याने फक्त घरातला एसी करंट मोजतात. ‘डीसी व्होल्ट’ लिहिलेलं पुरेसं नाही, अँपिअरच्या खुणेजवळही डीसीची सरळ रेघ हवी.