भिडूच्या ‘एक किलवर’ला काय बोलायचं? एका ऑनलाइन वर्गाबद्दल

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मेंढीकोट घरोघरी चालतो. हुकूम, हात, गेलेली पानं ध्यानात ठेवणं इथं कोणाला शिकवावं लागत नाही. ब्रिजमध्ये अडतं ते बोलीपाशी, म्हणजे कोणता हुकूम धरून सहाच्या वर किती हात करू हे खेळाआधी सांगण्यापाशी. आम्ही चौघं संध्याकाळी बसतो, आणि भिडूनं ‘एक किलवर’ म्हटलं की समोरचा अडकलाच. म्हणून एवढ्याच विषयावरचा एका पुणेकर सरांचा रेकॉर्डेड मराठी वर्ग घेतला. पैसे वसूल झाले.

सर आधी हे पक्कं करून घेतात की बदाम-इस्पिकची पाच पानं असल्याशिवाय त्या रंगात पहिली बोली न लावणाऱ्या पद्धतीत ‘एक किलवर’मागं किलवरची तीनच पानंही असू शकतात. मग उत्तर देणाऱ्याचा एकच हात, म्हणजे त्याची १३ पानं, घेऊन बसतात. इस्पिक राजा, दश्शी, सत्ती, चव्वी. बदाम नव्वी, पंजी. चौकट राणी, अठ्ठी, तिर्री. किलवर राणी, नव्वी, छक्की, दुर्री. गुण ७ (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). आमचे निवृत्त तलाठीभाऊ लगेच म्हणाले, “दोन किलवर!” सरांचं उत्तर ‘एक इस्पिक’. इस्पिकच्या गेमला, म्हणजे १०० गुणांच्या बोलीला, १० हात जिंकावे लागतात, किलवरच्या गेमला ११. भिडूकडं चार इस्पिक असतील तर ते आत्ताच कळले पाहिजेत. ६ गुण असले की बोलायचंच. बदाम-इस्पिक चार-चार असतील तर आधी बदाम, पाच-पाच असतील तर आधी इस्पिक. दोन्हीपैकी एकही चार पानी नसेल आणि हात सपाट (चारही रंगांत पानं साधारण सारखी), ६ ते १० गुणांचा असेल, तर ‘एक नोट्रंप’, म्हणजे बिनहुकमी.

मला सगळ्यात आवडला तो उलट्या पाठिंब्याचा धडा. किलवर पाच, बदाम-इस्पिक चार पानी नाहीत, गुण १० किंवा जास्त, तर ‘दोन किलवर’, आणि त्यावर भिडूनं पास करायचं नाही. हात कमजोर असेल तर थेट ‘तीन किलवर’. जुन्या खेळाडूला हे पटत नाही. पण तगड्या हाताला बोलायला जागा हवी असते. कोणत्या रंगात अडवणूक (विरोधकांना रोखणारं पान) आहे हे दोघांनी एकमेकांना सांगत ‘तीन नोट्रंप’ गाठायचं, कारण तिथं ९ हातांतच ४०, ३० आणि ३० मिळून गेमचे १०० होतात. कमजोर हातानं मात्र विरोधकांची जागा खाऊन टाकायची. हे कारण कळल्यापासून आमच्या टेबलावर या बोलीवरून वाद झालेला नाही.

तक्रारी दोन. व्हिडिओ जड आहेत, आमच्याकडच्या नेटवर्कवर अडकत चालतात. सरावाचे हात छापता येतील असे दिले असते तर लाइट गेल्यावरही बसता आलं असतं. दुसरी मोठी आहे. मधल्या विरोधकानं ‘एक इस्पिक’ बोलून आडवं घातलं तर काय, हे शेवटी घाईघाईत उरकलंय. टेबलावर रोज तेच होतं जी. ‘डबल’ म्हणजे बदामची चार पानं, एवढं सांगून भागत नाही. किती गुणांवर, पुढं काय, हे हातांसकट हवं. सरांनी त्यावर वेगळा भाग काढला तर आम्ही चौघंही पैसे भरू.